दुसरा मजला, डावीकडचा मीटर

४ नोव्हेंबर, सोमवार

वीज कंपनीचं पत्र आलं. जानेवारीपासून दर वाढणार. पटत नसेल तर महिनाअखेरपर्यंत खुशाल सोडून जा — अगदी सभ्य भाषेत.

दरवर्षी असं पत्र येतं आणि दरवर्षी हे चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसतात. पोर्टलवर पंचवीस कंपन्या एकमेकींशी ताडून बघतात आणि तासाभरानं स्वयंपाकघरात येऊन सांगतात, ह्या वर्षीही हरवलं त्यांना. मी "हो का" म्हणते आणि पोळी उलटते. इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये बावीस वर्षं झाली. एकदाही जाऊन बघितलं नाही ते काय करतात.

आता हे नाशिकला. सरलावन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नाताळापर्यंत तिकडेच. फोनवर म्हणाले, ह्या वेळी तूच कर. तुझ्या नावानं घे. शिकशील.

चौसष्टाव्या वर्षी!

६ नोव्हेंबर, बुधवार

वेदांगला हायडेलबर्गला फोन केला. "आई, पाच मिनिटांचं काम आहे." मागून अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, आजी, किती सोपं आहे ते! मराठी सगळं कळतं तिला, बोलत मात्र नाही.

पाच मिनिटं! घरात माणसं किती, हा पहिलाच प्रश्न. दोन लिहिलं. मग वाटलं, हे तर इथे नाहीत. एक केलं. मग त्या एकाकडे बघवेना — पुन्हा दोन.

मग कंपन्यांच्या पट्ट्याच पट्ट्या. पहिल्या नंबरची कंपनी स्वस्त, पण बोनस धरून. बोनस काढला की तीच नववी. किमतीची हमी बारा महिने, पण हमीत कर नाहीत. मग हमी कशाची? शाळेत सिस्टर अगाथा म्हणायच्या, गणित कळलं नाही तर प्रश्न मोठ्यानं वाचा. वाचला. रिकाम्या घरात माझाच आवाज. नाही कळलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल पहिली होती ती आज चौथी. कोण हलवतं ह्यांना?

९ नोव्हेंबर, शनिवार

केलं!

पोर्टल विचारतं — कंपनी बदलताय, की नव्या घरात राहायला आलाय? "बदलताय" म्हटलं की जुना करार ज्याच्या नावावर, त्याची संमती हवी. करार ह्यांच्या नावावर आणि हे नाशिकला. "राहायला आलोय" म्हटलं की काही मागत नाही. वेदांग म्हणाला, तेच दाब, काही होत नाही. दाबलं. बावीस वर्षांनी नव्यानं राहायला आले. हसूच आलं.

मीटरचा नंबर पत्रावर होता, पण ह्यांची ताकीद — कागदावर विसंबू नकोस, खाली जाऊन डोळ्यांनी बघ. हाडाचा इंजिनिअर! पत्र टेबलावरच ठेवलं. तळघरात गेले. आठ मीटर, प्रत्येकाखाली छोटी चिठ्ठी. दुसरा मजला डावीकडे, दुसरा मजला उजवीकडे. आमचा डावा. नंबर आणि आकडा लिहून आणला, भरला, पाठवला. यांना फोटो धाडला. उत्तर — शाब्बास.

दिवसभर उगाच खूष होते. शिरा केला, एकटीसाठी.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या फ्राऊ लिंडहॉर्स्टना उरलेल्या शिऱ्याची वाटी दिली. त्र्याऐंशीच्या. आम्ही राहायला आलो तेव्हा कचऱ्याचे चार डबे कसे वेगळे करायचे ते त्यांनीच शिकवलं. माझी पहिली जर्मन वाक्यं त्यांच्या दारात उभी राहून बोलले. बावीस वर्षं आम्ही एकमेकींना पहिल्या नावानं न बोलावता "फ्राऊ"च म्हणतो, आणि तरी माझं आजारपण घरच्यांच्या आधी त्यांना कळतं.

सप्टेंबरात न्हाणीघरात पडल्या तेव्हापासून त्यांचा मुलगा येन्स वृद्धाश्रमाचं बोलतो म्हणे. त्या म्हणतात, मी ह्या घरातून मेल्यावर, पाय पुढे करूनच जाणार.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी बेल वाजली. फ्राऊ लिंडहॉर्स्ट. हातात पत्र. चष्मा डोळ्यांवर असूनही म्हणाल्या, तुम्ही वाचा, मी नीट वाचलं नसेल.

त्यांच्या वीज कंपनीचं. आपण ९ नोव्हेंबरला घर सोडल्याचं समजलं. इतकी वर्षं आमच्याबरोबर राहिल्याबद्दल आभार. शेवटचं बिल पाठवायला नवा पत्ता कळवावा.

दोनदा वाचलं. त्यांनी बरोबरच वाचलं होतं.

"येन्सनं केलं हे," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या, दुसऱ्याच्या घरी बसावं तशा. मला न सांगता घर बंद करायला घेतलंय, म्हणाल्या. आधी वीज. मग टेलिफोन. मग मी.

आणि मी काय बोलले! चहा पुढे केला आणि म्हटलं, हल्लीची मुलं विचारत नाहीत, ठरवतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शेवटची शंकाही फिटली.

रविवारी तो जेवायला येतो. तेव्हा विचारणार. तोवर त्याला कळू द्यायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

माझ्या नव्या कंपनीचं स्वागतपत्र. नऊ तारखेपासून पुरवठा सुरू. पण जुन्या कंपनीचंही पत्र आहेच — आमचा करार जसाच्या तसा. दोन्हीकडून वीज? नीट बघितलं तर दोन्ही पत्रांवर मीटरचे नंबर वेगळे.

नऊ तारीख.

पत्रं घेऊन तळघरात गेले. एका मीटरपुढे उभी राहिले, मग दुसऱ्यापुढे. मग वर येऊन जिन्यात उभी राहिले.

इथे डावं-उजवं जिना चढून येणाऱ्याच्या हातानं मोजतात. मी मोजलं घराबाहेर पडून जिना उतरणारीच्या हातानं. माहेरी असंच सांगत — घराच्या डाव्या हाताला विहीर, म्हणजे घरातून बाहेर पडणाऱ्याच्या डाव्या हाताला. त्यात चूक आहे हे उभ्या जन्मात कधी मनात आलं नाही.

डावा मीटर फ्राऊ लिंडहॉर्स्टचा. त्यांच्या घरात "राहायला आले" ती मी. म्हणून त्या बाहेर.

येन्सनं काहीच केलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीला फोन. चाळीस मिनिटं संगीत. मग एक मुलगा म्हणाला, असं होतं कधी कधी, रद्द करू, दोन-तीन आठवडे लागतील. कुणाची वीज जाणार नाही. मी म्हटलं, वीज नाही हो, माणसं. त्याला कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

यांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, मिटलं ना? आता समोर जाऊन सांगायची काय गरज? कंपनीची चूक म्हण."

मी म्हटलं, "आणि येन्स?"

"त्याचं तो बघेल."

नाही बघता येणार त्याला. न केलेलं कसं नाकबूल करतात? शाळेत एकदा कुणीतरी शाईची दौत फोडली आणि सिस्टरनी कादंबरी नाडकर्णीला बाहेर उभं केलं. दौत माझ्या कोपरानं पडली होती. घंटा होईपर्यंत मी मान खाली घालून बसले. ती रडत नव्हती, नुसती खिडकीतून आत बघत होती.

आज मात्र जाणार.

२१, रात्र

नाही गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन समोर गेले. दार उघडलं तर केस नुकते सेट केलेले, निळा ब्लाउज. उद्यासाठी, म्हणाल्या. भांडायचं असलं तरी नीटनेटकं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, मला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, आज नको, आज मला गोड बोलू नका, माझा राग जाईल.

डबा देऊन परत आले. किती भित्री!

जर्मनमध्ये चार वाक्यं लिहून काढलीत. पत्र माझ्यामुळे आलं. येन्सचा काही संबंध नाही. मला माफ करा. त्यालाही सांगा. उद्या तो बारा वाजता येतो. मी अकराला.

२४ नोव्हेंबर, रविवार

अकराला गेले. येन्सची गाडी आधीच खाली उभी होती. तो बाल्कनीत पाठ करून उभा, फ्राऊ लिंडहॉर्स्ट टेबलाशी. मी चारही वाक्यं उभ्यानंच म्हटली, दोघांना ऐकू जातील अशी. तो वळला नाही.

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"पत्र मी अजून त्याला दाखवलंच नव्हतं, फ्राऊ दाबके. 'वृद्धाश्रमात कधीपासून?' एवढंच विचारलं. तो म्हणाला, एक फेब्रुवारी."