उशिराच्या वहीत पहिलं नाव

तीर्थरूप वहिनींना,

तुमच्या नणंदेचा वाकून नमस्कार. (आता वाकता येतं. गेल्या महिन्यापर्यंत कंबर ऐकत नव्हती.) तुम्ही सगळे बरे असालच. दादाची पाठ कशी आहे? भाचीचा पुढचा दात आला का? इकडे आमची सात महिन्यांची लेक उत्तम आहे, आणि घरात उत्तम अशी तेवढी ती एकच आहे.

दोन वर्षं आपण दोघी फक्त दादामार्फत बोलतो आहोत, त्याचं कारण मला ठाऊक आहे. शाळेच्या कचेरीत उशिरा येणाऱ्या मुलांची वही मी ठेवते. तारीख, नाव, इयत्ता आणि कारण असे तिचे चार रकाने. चौथ्या रकान्यात तुमच्या लेकीच्या नावापुढे मी तीन वेळा ‘आईची बेफिकिरी’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तीनदा नाव आलं की आईने मुख्याध्यापिकाबाईंपुढे उभं राहून माफीपत्रावर सही करायची, असा नियम आहे. तो तुम्हाला मीच वाचून दाखवला, आणि वर तुमच्या पायांत एक चप्पल तुमची नि एक दादाची आहे हेही चार लोकांत दाखवून दिलं. उशीर का झाला ते मात्र विचारलं नाही. (दोष द्यायचाच तर थोडा दादाला द्या. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं त्यानेच शिकवली, आणि रेघेबाहेर एक वेलांटी गेली तरी सगळं पान पुन्हा लिहायला लावलं. त्या शिकवणीतून माझ्यासारखंच कुणीतरी तयार होणार.)

तर माझी रजा संपली आणि कामावर जायचा दिवस उजाडला. बावीस वस्तूंची यादी करून पिशवी आदल्या दिवशीच दाराशी ठेवली होती. साडेसहाला मी तयार, लेक तयार, तिला सांभाळायला शेजारच्या आजीही तयार. सहा पस्तीसला लेक माझ्या खांद्यावर ओकली. मी कुर्ता बदलला. तोवर तिने खालच्या बाजूने काम उरकलं. तिचे कपडे बदलले. मग शेजारून निरोप आला की आजींचा गुडघा धरलाय, आज जमायचं नाही. शेवटी लेक, बावीस वस्तू आणि मी अशी वरात शाळेत पोहोचली तेव्हा घंटा होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. कचेरीपुढे चौदा आया आपापली मुलं धरून उभ्या होत्या. त्यांचा उशीर लिहायला वही हवी, वही कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि किल्ली घरी, ओकलेल्या कुर्त्याच्या खिशात. (यादीत किल्ली नव्हती. मी यादी तीनदा तपासली होती.)

शिपाईमामा पेचकस घेऊन कपाटाच्या बिजागऱ्या काढेपर्यंत मी त्या चौदाजणींत पंधरावी म्हणून उभी राहिले. एकजण हळूच म्हणाली, “अहो, कुर्ता उलटा घातलाय तुम्ही.” दुसरी म्हणाली, “असू दे गं, सुलटा केला तरी अर्ध्या तासात तीच दशा होणार आहे.” तिसरीने न विचारता लेक माझ्याकडून घेतली. ती हातोहात फिरून माझ्याकडे परत आली तेव्हा गाढ झोपली होती. वहिनी, या सगळ्याजणींना मी चार वर्षं बेफिकीर लिहीत आले होते.

वही हातात आल्यावर मी नियमाप्रमाणे पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. (ही वही मुलांची असते, कारकुनांची नाही, हे मला दुपारी डबा खाताना सुचलं.) इयत्तेपाशी आडवी रेघ मारली. कारणापाशी सवयीने ‘आईची’ एवढं लिहिलं आणि हात थांबला, कारण पुढचं लिहिणं धडधडीत खोटं होतं. मग खरं ते लिहिलं. ते रकाना ओलांडून समासात आणि समासातून उद्याच्या जागेत गेलं. माझं एवढं लिहायचं आणि त्यांना एका शब्दात गुंडाळायचं हे काही बरोबर नव्हतं, म्हणून प्रत्येकीला विचारत गेले. एकीला सासऱ्यांना अंघोळ घालून निघावं लागतं. एकीचा मुलगा रोज फाटकाशी येऊन बूट काढून फेकतो. एक म्हणाली, “कारण काही नाही. दमले होते, झोपून राहिले.” तेही लिहिलं. वर्षभर पुरणारी वही नऊ दिवसांत संपली.

बाईंनी बोलावलं. “ही उशिराची वही आहे की कादंबरी?” सोमवारपर्यंत सगळं नव्या वहीत जुन्या पद्धतीने उतरवून आणा, नाहीतर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देते, म्हणाल्या. मी ताडकन सांगितलं की बाई, खुर्ची खुशाल घ्या, पण एक ओळ बदलणार नाही. चार वर्षं मी या बायकांविषयी मनाला येईल ते लिहिलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून खाली सही केलीत, आणि आता त्यांना विचारून लिहिलं तर ती कादंबरी? शिवाय माफीपत्रं लिहून घ्यायचीच असतील तर पहिलं माझं घ्या, कारण माफी मागायला मला माणसं पुष्कळ आहेत.

त्या माणसांत पहिल्या तुम्ही. मी चुकले, वहिनी. त्या तीन सकाळी काय झालं होतं ते सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर राहू द्या. न सांगताही आता मला पटतं. बाकी सर्वांना नमस्कार, भाचीला गोड पापा.

तुमची,
नणंद

ता. क. दादाला हे पत्र दाखवू नका. चार ठिकाणी अक्षर रेघेबाहेर गेलंय. लेक मांडीवर आहे.

ता. क. २. खोटं लिहून पाठवणं मला जमत नाही म्हणून सांगते. बाईंना ताडकन जे सांगितलं म्हणून वर लिहिलंय, ते अजून सांगायचं आहे. प्रत्यक्षात मी “हो बाई” म्हणाले आणि नवी कोरी वही काखेत धरून बाहेर आले. ती अजून कोरीच आहे आणि कोरीच राहणार, एवढं मात्र शपथेवर खरं.

ता. क. ३. सोमवारी सात वाजता शाळेच्या फाटकाशी याल का? लेकीला तुम्ही घ्या, बाईंशी मी बोलेन. फक्त माझ्या मागेच उभ्या राहा, आणि मी पुन्हा “हो बाई” म्हणायला लागले तर जोरात चिमटा काढा.