लाल पट्टी, पिवळी पट्टी

प्रिय कुरामोतो भावोजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. काल सानाए येऊन गेली. नवरा जेवत नाही, बायकोशीही बोलत नाही म्हणाली. ह्यांच्या अंत्यविधीला तुम्ही फाटकाबाहेरच उभे होतात. मी पाहिलं होतं. तेव्हा हाक मारावीशी वाटली नाही.

पोलिसांनी ह्यांचं ते रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर परत दिलं. ओसरीत ठेवलंय. एकच पातं उरलंय त्याला. तोल चुकला की हेलिकॉप्टर थरथरतं, म्हणून ती पाती हे स्वयंपाकघरातच तोलायचे. दोन्ही एका सळईवर जोडायची आणि सळई साकेच्या दोन पेल्यांवर आडवी ठेवायची. जे पातं वर जाईल, त्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा. लावायचा, काढायचा, कापून पुन्हा लावायचा. भात गार व्हायचा. मी म्हणायचे, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का?" तर म्हणायचे, "तू थरथरत नाहीस ना."

पण खरी परीक्षा पाती फिरतानाच. एका टोकाला लाल पट्टी, दुसऱ्याला पिवळी. पात्यांच्या पातळीत डोळे आणून बाजूने बघायचं. दोन रंग वेगळे दिसले, तर एक पातं वर चाललंय. हातात रिमोट असलेल्याला ते दिसत नाही. म्हणून एकाने चालवायचं, एकाने बघायचं, आणि हुकूम बघणाऱ्याचा. तुमच्या क्लबात हे असंच चालत आलंय.

त्या रविवारी नदीपात्रात मी चहा ओतत होते. तुम्ही म्हणालात, "तेरुओ, मागे सर रे. नाक कापून घेशील." हे म्हणाले, "डोळे माझे आहेत, म्हाताऱ्या. तू तुझा अंगठा सांभाळ. वेग वाढव." तुम्ही थांबलात. "वाढव म्हणतो ना! लाल अजून वरच आहे." मग तुम्ही वाढवलंत. आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटलं, किटली पडली.

तुटून उडालेल्या पात्याला मुळाशी आतून तडा होता, बाहेरून तो कुणालाच दिसला नसता, असं तपासणाऱ्याने सांगितलं. तुम्हालाही सांगितलं असेल. तुम्हाला ते पटलं नसणार. मलाही रोज पटत नाही. काही सकाळी मला फक्त तुमचा अंगठा दिसतो. खोटं कशाला लिहू?

पण सानाए जाता जाता म्हणाली, तुम्ही गळ शेजाऱ्याला दिलेत, रिमोट क्लबला, कोंबड्या तिच्या भावाला. तिला वाटतं, तुम्ही सावरताय. काल मीही मान डोलावली. आज ह्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावताना आठवलं, माझ्या वडिलांनीही एका शरदात अशीच सगळी वाटावाट केली होती, आणि आम्हालाही तसंच वाटलं होतं. थंडी पडायच्या आत ते आपल्या हातानेच गेले. आमच्या शेजारचे ओकुदा सायकलने हे पत्र आणताहेत. मी येईपर्यंत तिथेच बसा, असं त्यांना सांगितलंय. मी पायी निघालेच आहे. तुम्हाला माफ करायचं की नाही, ते माझं ठरलेलं नाही. ठरायला वर्षं लागतील, आणि तेव्हा तुम्ही समोर असायला हवं. दार उघडं ठेवा.

तुमचीच,
फुमिए वहिनी