पंगतीच्या मालकीचा दावा

नंदनवन, नागपूर
सप्टेंबर संपत आला

आदरणीय बळीरामदादांना धाकट्या सिंधूचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत आणि हिंगणघाटही जागेवरच असेल, असं धरून चालते. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, स्टुलावर चढू नका. माळ्यावरचे डबे दादा काढून देतील, नाहीतरी रिटायर झाल्यापासून सल्ले देण्यापलीकडे त्यांना व्यायाम राहिलेला नाही. सल्ल्यावरून आठवलं, तुमचा निरोप पोचला. उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात निदान मध्ये खोकता येत नाही.

तुमचं म्हणणं असं की कंपनी मोठी आहे, आमच्या पायलनं हक्क सोडल्याच्या कागदावर सही करून टाकावी, कंपनी तिला वरची नोकरी देते आहे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मुलीला स्थळं येत नाहीत. दादा, स्थळं येतात. परवाच एक आलं होतं. मुलानं येऊन अर्धा तास तिला केसबद्दलच विचारलं आणि जाताना म्हणाला, लग्नाचं राहू द्या, पण पुढची तारीख कळवा.

आधी भांडण कशाचं आहे ते समजून घ्या, कारण वहिनींना तुम्ही 'पायलनं कंपनीचा कम्प्युटर आणला' असं सांगितल्याचं माझ्या कानावर आलंय. कम्प्युटर कोणी आणलेला नाही. आपल्या कॉलनीतले गिरणीवाले वसंतराव तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याकडे गव्हाची, तिखटाची आणि हळदीची अशा तिन्ही मशिनी एकदम सुरू झाल्या की आख्ख्या गल्लीची लाईट जायची. पायल तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं त्या मशिनींसाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. म्हणजे काय, हे मी तिला तीनदा विचारलं. चौथ्यांदा ती वैतागली आणि म्हणाली, "आई, तू चौदा ऑक्टोबरले पंगत वाढते ना? सगळ्यांले एकदा वाढून झाल्याबिगर कोणालेच दुसऱ्यांदा नाही. तेच, पण मशीनचं." आणि काय सांगू, दादा, मला एका क्षणात कळलं. (तिच्या प्रोफेसरांना कळायला एक सेमिस्टर लागलं.) तिनं सिस्टीमचं नावच 'पंगत' ठेवलं. मोठी मोटर असो की चिमुकला दिवा, पाळी सगळ्यांची येणार, रांग मोडून कोणी ताट पुढे करायचं नाही. बापूजींनी घालून दिलेली रीत त्यांच्या नातीनं विजेला शिकवली.

ती रीत तुम्हाला मी सांगायला नको. छप्पन साली बापूजी दीक्षेला पायी आले, तेव्हा नागपुरात कोणा अनोळखी माणसानं त्यांना घरात बसवून जेवू घातलं. तेव्हापासून त्या तारखेला आपल्या दारावरून कोणी उपाशी गेलेलं नाही. (दसऱ्याची वेगळी पंगत असते ती विहाराची, ही घरची.) पायल मात्र त्या दिवशीही कम्प्युटरसमोर. मी म्हटलं, तुझ्या मशीनला तरी त्या दिवशी माणुसकी शिकव. तिनं हसत हसत सिस्टीममध्ये घालून टाकलं. चौदा ऑक्टोबरला दुपारी बारा वाजले की पडद्यावर अक्षरं येणार, 'काम ठेवा, जेवायला या. सिंधूताईचं घर, विहारामागे, नंदनवन.' त्या पडद्याला मराठी येत नव्हती, म्हणून पोरीनं एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी रांगोळीसारखं काढलं. वसंतराव त्या दिवशी गिरणी बंद ठेवून आमच्याकडेच पुऱ्या लाटत असतात, त्यामुळे ते आमंत्रण कोणी कधी पाहिलंच नाही. आम्हीही विसरलो.

मग तिनं पंगत इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. कोणीही घ्या, वापरा, बदला, फक्त करणारीचं नाव पुसू नका आणि पुढच्यालाही तशीच द्या. पुढे ती बुटीबोरीला एका कंपनीत लागली, सूतगिरण्यांच्या मशिनी बनवणाऱ्या. (नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि तुम्ही पत्रं पानठेल्यावर वाचून दाखवता.) तिनं साहेबांना पंगत दाखवली. साहेब म्हणाले, आपल्या कामाची नाही. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून घरी आली.

मागच्या चौदा ऑक्टोबरला मी खरकटी पातेली विसळत होते, तर विहारातल्या बायकांच्या ग्रुपवर फोटो आला. बुटीबोरीच्या कारखान्यात मशिनींची लांबच लांब ओळ, आणि प्रत्येकीच्या पडद्यावर माझं नाव! खाली त्याच कारखान्यात कामाला असलेल्या मोनालीनं लिहिलं होतं, "ताई, एवढे लोक बोलावले अन् मले सांगितलं बी नाही?" बिहार-ओडिशाकडचे कामगार बिचारे सुपरवायझरला विचारत होते की साहेब, ही सिंधूताई कोण, आणि जायचं कधी. कंपनीनं त्यांना सांगितलं, व्हायरस आहे, जेवायला जाऊ नका.

पायलनं बघितलं तेव्हा कळलं, 'कामाची नाही' म्हटलेली पंगत साहेबांनी नाव बदलून सगळ्या मशिनींत बसवली होती. जिथे जिथे इंग्रजीत 'पायल' दिसलं तिथून पुसलं. ठिपक्यांची रांगोळी मात्र त्यांना आकड्यांचा कचरा वाटली, म्हणून राहिली. पोरीनं साधी चिठ्ठी पाठवली, वापरा पण नाव लावा. उत्तरादाखल दावा आला! पंगत कंपनीची, पायलनं ती आमच्या नोकरीत असताना लिहिली, वसंतरावांची गिरणी चोरीच्या मालावर चालते, तिला मनाई हुकूम द्या. वसंतराव तो कागद पिठाच्या हातानं धरून माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "सिंधूताई, मी तर ज्वारी दळून राहिलो होतो वं. चोर कवा झालो?"

आता तुमचा दुसरा प्रश्न, फुकटच वाटते तर भांडते काहून. दादा, तुम्ही आयुष्यभर आपल्या पंगतीत ताटं वाढलीत. आलेल्याला कधी विचारलंत, तू कोण, कुठला? पण समजा एखाद्यानं जेवून झाल्यावर आपला गंज, एवढं मोठं पातेलं, उचलून स्वतःच्या दारात नेला, त्यावर आपली पाटी लावली आणि वर म्हणाला की सिंधूनं हा माझ्या घरून चोरला, तर तुम्ही त्याला बुंदी वाढाल की झारा दाखवाल? पायलनं झारा दाखवला. एवढंच.

आणि कसा दाखवला ते ऐका. वकील केली हिमानी, वय लहान, आवाज लहान, स्कूटीवर येते, कोर्टात पाण्याची बाटली शोधण्यातच तिची पाच मिनिटं जातात. समोर कंपनीचे ज्येष्ठ वकील, मागे फायली धरणारे सहा जण. हिमानीनं गेल्या तारखेला कंपनीचंच एक मशीन मागवलं, त्यातली तारीख चौदा ऑक्टोबर केली, वेळ बाराला एक मिनिट कमी. आख्खं कोर्ट एका मशीनकडे बघत बसलं. बारा वाजले. पडदा उजळला, 'काम ठेवा, जेवायला या.'

न्यायाधीशांनी चष्मा पुसून विचारलं, "ही सिंधूताई कोण?" ज्येष्ठ वकील गडबडले, पण क्षणभरच. म्हणाले की ते कंपनीच्या एका अंतर्गत प्रकल्पाचं सांकेतिक नाव असावं. दादा, मला आजवर बरंच काही म्हणून झालंय (सासूबाईंची यादी तर तुम्हाला पाठच आहे), पण अंतर्गत प्रकल्प कोणी म्हटलं नव्हतं. मी मागच्या बाकावरून उभी राहिले. हे माझा पदर ओढून "बस, बस" करत होते. मी म्हटलं, "साहेब, मीच ती. विहारामागे राहते. आमंत्रण खरं आहे." कोर्टात हशा. न्यायाधीश हसले नाहीत, पण बराच वेळ मान खाली घालून लिहीत राहिले.

मग हिमानीनं दाव्यातली दोनच वाक्यं वाचली. एकात कंपनी म्हणते, यातलं अक्षरन् अक्षर आम्ही लिहिलं. दुसऱ्यात म्हणते, हे आमंत्रण म्हणजे पायलनं घातलेला व्हायरस. ती म्हणाली, अक्षरन् अक्षर तुमचं असेल तर अकरा महिने कामगार जेवणाची वाट बघताहेत, पानं मांडा. नसेल तर ज्या घरचं जेवण, त्या घरची पंगत. सहाही जणांनी एकदम फायली चाळल्या. काही सापडलं नाही.

कंपनीला मनाई हुकूम मिळाला नाही. गिरणी चालू राहणार. दाव्याचा शेवट व्हायला अजून वर्षं जातील, हे मला कळतं, पण हुकूम ऐकल्यावर पायलनं माझ्याकडे वळून जे पाहिलं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. बापूजी पंगत उठल्यावर रिकाम्या गंजाकडे असंच पाहायचे. बाहेर आल्यावर कंपनीच्या माणसानं पुन्हा सहीचा विषय काढला, पगार वाढवून. ती म्हणाली, "काका, नाव लावा, बाकी सगळं तसंही फुकटच आहे." तेव्हा सही होणार नाही. तुमच्या सल्ल्याबद्दल आभार, तो मी जपून ठेवला आहे, परत हवा असेल तर कळवा.

वहिनींना नमस्कार, आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी,
सिंधू

ता. क. : खरं काम राहिलंच. कोर्टानं सांगितलंय की कंपनीनं आपल्या मशिनींमधला एक ठिपकाही हलवायचा नाही, कारण तो पुरावा आहे. म्हणजे येत्या चौदा ऑक्टोबरला ठीक बारा वाजता प्रत्येक मशीन पुन्हा माझ्या घरचं आमंत्रण देणार. आणि आता ते व्हायरस नाही, हे पेपरात छापून आलंय. बुटीबोरीचे कामगार येताहेत. किती ते कोणालाच माहीत नाही. तुमच्याकडचे दोन्ही मोठे गंज, झारे आणि स्वतःला घेऊन आदल्या दिवशीच या. एवढ्या लोकांना पाळी न चुकवता वाढणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. पंगत लिहिताना पायलनंही तुमचीच वाढतानाची चाल डोळ्यासमोर ठेवली होती, असं ती म्हणते.

ता. ता. क. : तिची मी एवढी तारीफ केली, हे तिला कळू देऊ नका. घरी मी तिला रोज ताट उचलण्यावरून बोलते आणि ते तसंच चालू राहायला हवं. कंपनीच्या ज्येष्ठ वकिलांनी जाता जाता हळूच विचारलं, भाजी कोणती असते. मी म्हटलं, वांगं-बटाटा, या.

शेवटचं : पंगतीची नवी आवृत्ती तयार झाली आहे. नव्या पडद्यावर दोन पत्ते मावतात. दुसरा तुमचा घातला आहे, खुणेसकट. काढून टाकावासा वाटला तर मला सांगून उपयोग नाही, पायलला विचारावं लागेल. पंगत तिची आहे.