कापली ती बिजागरी

प्रिय बाबा,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येईल. चुका काढत बसू नका, एकदा तरी माझं म्हणणं शेवटपर्यंत वाचा. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, म्हणून हा कागद.

माझ्या गाडीच्या मागे स्टेपनी टांगायचा तो लोखंडी दांडा तुम्ही बनवलात, तेव्हा मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरले होते. मागचं दार उघडायचं तर आधी खटका काढून चाकासकट दांडा बाजूला फिरवायचा. जनावरांच्या डॉक्टरची गाडी ती. मागे औषधांच्या पेट्या, दोर, बादल्या. दिवसातून कितीदा तरी दांडा फिरायचा. आणि बिजागरी तुम्ही घातलीत साध्या फाटकाची! नळीत नुसती पिन. ना बेअरिंग, ना ग्रीस भरायला जागा. ती झिजली, दांडा झुकला, खटका लागेना. मी चाक गुडघ्याने उचलून तो लावायला लागले. तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, "तू आदळआपट करतेस." पुन्हा सांगितलं, तर म्हणालात, "गाईम्हशींचं बघ, लोखंडाचं मला शिकवू नकोस," आणि आईकडे बघून हसलात. दादा बोलला की ती सूचना असते बाबा, मी बोलले की उलट उत्तर.

मग त्या दिवशी एक गाय अडली होती. उतारावर गाडी लावली, घाईने खटका काढला आणि पिन तुटून अख्खा दांडा चाकासकट माझ्या मनगटावर आला. गाईच्या मालकाने आणि त्याच्या बायकोने मिळून तो उचलला. मी गोठ्यात भिंतीला टेकून नुसतं ओरडत होते, पाय असा वळवा, आता ओढा. त्या बाईने वासरू ओढून काढलं. ते जगलं. माझं मनगट मोडलं.

तुम्ही आलात. दवाखान्यात नाही, मी घरी आल्यावर, तेही गाडी बघायला. तोवर मी जुनी बिजागरी कापून टाकली होती. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून लेथवाल्याच्या दुकानात उभी राहिले, जाड पिन कातून घेतली, वर-खाली रोलर बेअरिंग बसवून घेतली, धूळ जाऊ नये म्हणून सील, ग्रीस भरायला निप्पल. आता चाकासकट दांडा एका बोटाने फिरतो. तुम्हीही फिरवून पाहिलात, मी खिडकीतून बघत होते. वाटलं, आता तरी काही चांगलं बोलाल. आत येऊन म्हणालात काय, "माझं काम कापायला कुणाला विचारलंस?" प्लास्टरकडे नजरसुद्धा गेली नाही. चहा न घेता निघालात, आणि तेव्हापासून नातेवाइकांत सांगत सुटलायत, पोरीने बापाचं नाक कापलं. कापली ती झिजलेली नळी होती, बाबा. तुमचं नाक त्यात कधी जाऊन बसलं?

हेही मी गिळलं असतं; सवय आहे. पण काल वहिनीने फोटो पाठवला. दादाच्या नव्या गाडीला तुम्ही अगदी तस्साच दांडा बसवून दिलाय. तीच नळी, तीच पिन. माझा हात मोडल्यावर! मला खोटं पाडायला? फोटोत तुमची नात बंपरवर चढून त्या चाकाला लोंबकळतेय आणि सगळे हसताहेत. मी लगेच दादाला फोन केला, तर म्हणतो, "बाबांनी केलंय म्हणजे पक्कंच असणार." तो माझं ऐकणार नाही, तुमचंच ऐकेल. म्हणून लिहितेय. लेथवाल्याकडून तश्शीच आणखी एक जोडणी करून घेतलीय, आईच्या हाती पाठवतेय. तुमच्या हातांनी बसवा. तुम्हालाच सुचलं म्हणा, मी कुठे चकार शब्द काढणार नाही. पण ती नंतर. आधी आत्ता, हा कागद खाली ठेवून, दादाकडे जा आणि ते चाक उतरवा.

तुमचीच,
धाकटी