थोडासा खोकला

प्रिय बाईसाहेबांस,

मी ठणठणीत आहे. वजन तीन किलो वाढलंय. शिलाई कारखान्यातला मुकादम म्हणतो, "मास्तर, आता स्वतःचंच माप घ्या!"

मात्र "जरा सर्दी झालीय" हे मागचं पत्र मी दवाखान्याच्या खाटेवरून लिहिलं होतं. न्यूमोनिया झाला होता. एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने घेत होतो, पण असले संसर्ग टाळायची वेगळी गोळी मीच बंद केली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"बरं वाटत होतं."

"मग आम्ही घरी जातो, तुम्हीच दवाखाना चालवा!"

आता गोळी पुन्हा चालू आहे. थांबवायची कधी, ते रक्तातल्या पेशींची तपासणी बघून डॉक्टरीणबाईच ठरवणार.

तुझ्या तीन पत्रांत "थोडासा खोकला, काळजी नसावी" असं आहे. आपल्या दोघांचा आजार एक, आणि थापा मारायची रीतही एकच! उद्याच थुंकी तपासून घे. टीबी निघाला तरी औषधाने बरा होतो. अंगावर काढला तर मात्र खैर नाही. तुझ्या ताईला सोबत ने, तिला आपल्या आजाराचं सगळं ठाऊक आहे. लेक वेळेवर जेवते ना?

या खेपेला खुशाली कळवू नकोस. रिपोर्ट पाठव, कसाही असला तरी.

तुझाच,
थापाड्या मास्तर