खळ्यावरून गेलेली धमनी

हेंद्रेपाडा, बदलापूर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. भगवानदादास,
धाकट्या चांगोचा नमस्कार. तानीवहिनीचे गुडघे कसे आहेत? भात झोडून झालं असेल. कुठे झोडलंस ते विचारत नाही. खळं तर तू रस्त्याला देऊन टाकलंस.

मी लिहिणार नव्हतो. पण परवा नाक्यावर पुढाऱ्याचा बोर्ड बघितला आणि डोकं फिरलं. आपल्या खळ्यावरून गेलेल्या रस्त्याचा फोटो, आणि खाली, 'आपल्या शहराची नवी धमनी'. बाबांनी दगड वेचून केलेलं खळं ते! आई दरसाल शेणाने सारवायची. शहराची कसली धमनी?

शलाकाला विचारलं. नात कॉलेजात संस्कृत शिकते. म्हणाली, "आजोबा, धम् म्हणजे फुंकणं. धमनी म्हणजे फुंकायची नळी, लोहाराच्या भात्याला असते तशी. पूर्वी वाटायचं, अंगातल्या या नळ्यांतून वारा फिरतो. तिकडे ग्रीक लोकही तसंच म्हणायचे, कारण मेलेल्या माणसाच्या त्या नळ्या रिकाम्या दिसायच्या. रक्ताचं उशिरा कळलं. मग ज्या रस्त्यावरून सगळी वर्दळ वाहते, त्यालाही धमनी म्हणायला लागले."

मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या पुढाऱ्याने नुसता वाराच भरला."

"माझा कसला? मोठ्या आजोबांनीच हार घातला ना त्याला!"

पोरगी हसली. मला हसू आलं नाही. मला न विचारता तू खळ्याच्या कागदावर सही केलीस. आणि आपल्या गावच्या पाड्यात सांगितलंस, "चांगो बदलापूरवाला झाला, त्याला खळं कशाला?" मला सगळं कळतं, दादा.

आणि धमनी हा शब्द मी आधी बोर्डावर बघितला, हे खोटं. आधी डॉक्टरच्या तोंडून ऐकला. सोमवारी सकाळी उल्हासनगरला माझ्या हृदयाची तुंबलेली धमनी उघडणार आहेत. मनगटातून तार घालतात म्हणे. हरेश म्हणतो, "पप्पा, टेन्शन नका घेऊ, हल्ली रोजचंच झालंय." त्याचं काय जातं? त्याने तुझ्या-माझ्या बाबांना जाताना बघितलेलं नाही. भात झोडता झोडता खळ्यात खाली बसले आणि तिथेच गेले. तुझा हात त्यांच्या पाठीवर होता. मी नुसता पेंढी धरून उभा होतो.

खळ्याचा राग गेलेला नाही. तो सोमवारनंतर काढीन. पण मला आत नेतील तेव्हा तू जवळ हवास. बारवी धरणाकडून यायला लांब पडतं, हे आता सांगू नकोस. तुझा रस्ता आहे ना? त्यानेच ये.

तुझ्यावर रागावलेला, तुझी वाट बघणारा,
चांगो