लेबल धुतलेली बाटली

आई, परवा पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरताना माझा उजवा गुडघा मध्येच अडला. एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी, आणि पाठीमागे उतरायला खोळंबलेली माणसं. "सावकाश साहेब, घाई न्हाई," मागून एकजण म्हणाला. त्याच्या मागचा म्हणाला, "तुला नसंल राव, माझी सासू आलीया घरी." "मग तर साहेब, तुमी बसाच तिथं पायरीवर," पहिला म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मग दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, आडवा होऊन, एका वेळी एक पाय असा मी उतरलो, आणि जमिनीवर टेकल्यावर लक्षात आलं की ही उतरायची तऱ्हा माझी नाही, तुझी आहे. चिंचवडच्या त्या दोन खोल्यांचा जिना तू असाच उतरायचीस, भिंतीकडे तोंड करून, भिंतीशी काही खासगी बोलायचं असल्यासारखी.

डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो काढायला लावला. मधली गादी झिजलीय म्हणाले, वयाच्या मानानं जरा लवकर. घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं तेव्हा मी "आईला" एवढंच म्हणालो आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी आणखीही एक गोष्ट विचारली, ती शेवटी सांगतो. घरी तुझ्या सुनेनं त्याच दिवशी वांगी-बटाटे बंद केले. सकाळी एरंडेल घातलेला सुंठीचा काढा, दुपारी मेथीचा लाडू, संध्याकाळी निर्गुडीच्या पाल्याचा शेक. "तोंड वाकडं करू नका," ती म्हणते, "आईंनी हे सगळं निमूट केलं होतं." मी काढा एका घोटात संपवतो. सुंठ ती एका तपकिरी काचेच्या बाटलीतून काढते. ती बाटली तुझी आहे. तीत पूर्वी काय होतं ते तुला मी कधी सांगितलं नाही, आणि या वयात, इतका दमून, मला ते सांगावंसं वाटतंय.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी इथे नोकरीला लागलो. आणखी वर्षानं अण्णा गेले आणि मी तुला गावाहून घेऊन आलो. खोलीत उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होता, त्याचं मला कोण कौतुक. तू त्यावर पाण्याची कळशी ठेवलीस आणि स्टोव्ह खाली फरशीवर घेतलास. "उभ्यानं सैपाक करायला मी काय हाटेलवाली हाय?" भोंगा झाला की तू पाटावर बसायचीस आणि मी जेवून उठेपर्यंत उठायची नाहीस. मला ती माया वाटायची. तुला उठताच येत नव्हतं हे कळायला मला पावसाळा उजाडावा लागला. तेव्हा तुझा डावा गुडघा नारळाएवढा झाला होता.

मग सुरू झालं. रोजनिशी काढून पाहिली, सगळं लिहिलेलं आहे. निर्गुडी, रुईची पानं, पवनेच्या वाळूचा शेक, तांब्याचं कडं. चाकणच्या बाजाराच्या दिवशी आपण एस.टी.नं, कांद्याच्या गोण्यांमध्ये अंग चोरून, तिथून पुढच्या एका गावातल्या हाडवैद्याकडे गेलो होतो. त्यानं अंगठ्यानं तुझ्या गुडघ्याची वाटी दाबली. "किती वर्सं खुरपलंस, म्हातारे?" "लगीन झाल्यापासनं." "मग हे गुडघं तुझं न्हाईत आता, जमिनीचं झाल्यात," तो म्हणाला आणि तेल दिलं, पथ्य दिलं. वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, दही, शिळं, सगळं बंद. भाजलेला लसूण रोज. तुझ्यासारखं पथ्य पाळणारं माणूस मी पाहिलं नाही. पुढे चातुर्मास आला तेव्हा तू लसूणही सोडलास. मग उरलं काय, असं मी चिडून विचारलं, तर म्हणालीस, "देव उरला की." पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. बरं वाटायचं ते तेलानं की माझ्या मनासाठी, हे मी तेव्हाही ठरवू शकलो नाही.

तुला दुसरं काही नको होतं, आई. दुखणं जावं असंही तू म्हणाली नाहीस. तुला फक्त मांडी घालून बसता यायला हवं होतं. गुरुवारी शेजारच्या काकूंकडे बायकांचं भजन असायचं, तिथं बसायला, आणि चार माणसांत जेवायला. त्यांच्या नातवाच्या बारशाला तू पंगतीत बसलीस आणि उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून तुला ओढलं. "अगं, कंपनीतनं क्रेन बोलवा," कुणीतरी म्हणालं. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस. आणि त्या दिवसानंतर तू भजनाला गेली नाहीस. गुरुवारी टाळ वाजायला लागले की तू आपल्या दारात, मी कंपनीतल्या पेटीच्या फळ्यांपासून करवून आणलेल्या स्टुलावर बसायचीस, आणि मांडीवर एका हाताची दोन बोटं तालावर हलायची. ते स्टूल तुला आवडायचं नाही. "तुझ्या सायबाला बसव त्याच्यावर," म्हणायचीस.

आमच्या स्टोअरमध्ये मालवणकडचा एकजण होता. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माशाच्या तेलाच्या गोळ्या दे रे आईला. आमची आजी नव्वदीत उकिडवी बसून मासळी साफ करते." मी म्हणालो, ती माळकरी आहे. तो म्हणाला, "गोळीवर कुठे मासा काढलेला असतो?" मला हसू आलं नाही. तुझ्या माळेचं मला ठाऊक होतं. एका सकाळी नळावर तिचा दोरा तुटला होता. माळ गळ्यात नाही म्हणून तू पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस, आणि मी कामाला उशीर करून मणी ओवत बसलो होतो. शेवटची गाठ पडल्यावर माळ गळ्यात घालून तू आधी पाणी प्यायलीस, मग म्हणालीस, "जा आता. तुझं यंत्र खोळंबलं आसंल." हे सगळं ठाऊक असलेल्या मुलानं चार दिवसांनी कॅम्पातल्या दुकानातून ती बाटली आणली, मोरीत बसून ओल्या फडक्यानं तिचं लेबल घासून काढलं, आणि कोरडी करून तुझ्यापुढे ठेवली. मी तपासणी खात्यातला माणूस. केसाएवढा फरक असला तरी त्या नगावर लाल खडूची फुली मारणारा. चुकीची चिठ्ठी लागलेला नग माझ्या हातून कधी पुढे गेला नाही, असा माझा लौकिक होता.

"काय हाय ह्यात?" "तेल आहे." "कशाचं?" तू गोळी उजेडात धरली होतीस, मधासारखी पिवळी, आरपार. मी म्हणालो, "जीवनसत्त्व आहे आई. कंपनीच्या डॉक्टरांनी दिलंय." तू ती कपाळाला लावलीस, देवाचं नाव घेतलंस आणि गिळलीस. आठवड्यानं विचारलंस, "ढेकर आला की कसला रं वास येतूय?" मी म्हणालो, औषधाचा. तुला तो ओळखू येणं शक्यच नव्हतं, आयुष्यात मासळीबाजाराच्या वाऱ्याला तू उभी राहिली नव्हतीस. आणि एकादशीला, हातात पाण्याचं भांडं घेऊन, तू विचारलंस, "आज चालतीय का ही?" मी दाढी करत होतो. आरशातून तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "चालते." रोजनिशीत त्या आठवड्यात फक्त "नवे औषध सुरू" असं आहे. स्वतःच्या वहीशीही मी खरं बोललो नाही.

आणि तुला बरं वाटलं, आई. हे मी कसं नाकारू? थंडी संपली, ऊन आलं, त्यानं असेल. तू पथ्य सोडलं नव्हतंस, त्यानं असेल. मुलानं हातात दिलेल्या गोळीवरच्या विश्वासानंही असेल. पण चैत्रातल्या एका गुरुवारी मी कामावरून आलो तर दारातलं स्टूल रिकामं होतं, आणि काकूंच्या दारातून दिसलं, तू भिंतीपाशी बसलीयस, मांडी घालून, पाठ ताठ, टाळ हातात. तू मला पाहून हसली नाहीस, नुसती मान हलवलीस, कामात असलेलं माणूस हलवतं तशी. मी घरात जाऊन स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी तसाच उभा राहिलो. तेव्हा मला वाटलं, माझं बरोबर होतं.

ते सुख आषाढ लागेपर्यंत पुरलं. एक दिवस, मी नुकतीच पुन्हा भरलेली बाटली अर्धी दिसली म्हणून विचारलं, तर तू सहज म्हणालीस, "काकूंच्या सासूबाईंस्नी दिल्या. आनि भजनातल्या दोघींस्नी. त्यांचंबी गुडघं धरल्यात." तिघींच्याही गळ्यात माळ. सासूबाईंचा धाकटा मुलगा, काकूंचा दीर, औषधांच्या दुकानात कामाला होता. त्यानं एक गोळी पाहिली असती तरी ओळखली असती. मी म्हणालो, ते औषध फक्त तुझ्यासाठी आहे, कुणाला द्यायचं नाही. तू तांदूळ निवडायची ताटली खाली ठेवलीस. "औषध लपवून ठिवायचं? त्या माज्यासारक्याच न्हाईत का? आसं न्हाई शिकवलं मी तुला." तू मला लहानपणी कधी मारलं नव्हतंस. त्या दिवशी मारलं असतंस तर बरं झालं असतं. बायको तेव्हा नवी होती, त्याच वैशाखात आलेली, तिला मी सगळं सांगितलं होतं, ती आत येऊन हळूच म्हणाली, "सांगून टाका ना. रागावतील, चार दिवस उपास करतील, मग विसरतील." मी सांगितलं नाही. बाटली संपल्यावर मी म्हणालो, "आई, कंपनीत आता त्या मिळत नाहीत. बंद झाल्या." तू बाटली धुतलीस, उन्हात वाळवलीस आणि तीत सुंठ भरलीस.

पुढचं तुला ठाऊकच आहे. श्रावणात गुडघा पुन्हा सुजला आणि तू पुन्हा स्टुलावर आलीस. मग दोन वर्षं. तू तक्रार केली नाहीस, पुन्हा कसलं औषधही मागितलं नाहीस. शेवटच्या आजारात ताप उतरला होता त्या एका सकाळी तुझ्या सुनेला म्हणालीस, "त्या पिवळ्या गोळ्या तेवढ्या गुनाच्या व्हत्या गं. कंपनीनं बंद केल्या." मी दारात उभा होतो. तीही गप्प राहिली, माझ्यासाठी. ते ओझं मी तिच्याही पदरात टाकलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुझा धर्म मोडला हा माझा अपराध. आता गुडघा अडायला लागल्यापासून वाटतं, खरा अपराध दुसराच होता. धर्माची काळजी असती तर पहिली गोळीच दिली नसती. तुझ्या गुडघ्याची काळजी असती तर शेवटची बंद केली नसती. मी बंद केल्या त्या पकडला जाईन म्हणून. त्या गोळ्यांनी खरंच काही होत होतं की नाही, मला अजून माहीत नाही. पण होतंय असं तुला वाटत होतं, आणि मलाही. तरी मी त्या थांबवल्या.

डॉक्टरांनी शेवटी जे विचारलं ते आता सांगतो. वजन कमी करा, चाला, मांडीचे व्यायाम करा, असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "काहीजण माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतात. गुण येईलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण अपाय नाही. लिहून देऊ?" माझ्या गळ्यात माळ नाही, आई. कँटीनमध्ये मी अंडं खातो, तेही तुला कधी सांगितलं नव्हतं. पत्र वहीत मिटून ठेवण्याआधी एवढं लिहून ठेवतो: मी खुर्चीत ताठ बसलो आणि तुझ्याच आवाजात म्हणालो, "नको डॉक्टर. आमच्याकडे ते चालत नाही."